मोसमातली पहिली चढाई : कातळाला हात लावण्याआधी

पहिला कोरडा आठवडा आला की सॅक पाठीला लावून कड्याकडे सुटावंसं वाटतं. पण दोर आणि हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा) महिनोन्महिने कपाटात पडलेले असतात आणि बोटांना चढाईच्या जिममधल्या गुळगुळीत होल्डची (पकडायच्या जागांची) सवय झालेली असते. दोन्हींची तपासणी झाल्याशिवाय लीड (दोर खालून सोबत नेत पहिल्याने चढणं) करू नका. हे काम आदल्या रात्रीवरही ठेवू नका. निदान दोन आठवडे आधी सुरू करा, म्हणजे एखादी वस्तू बाद निघाली तर नवी आणायला सवड राहते.

१. दोर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भरपूर उजेडात चादर अंथरा आणि दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सावकाश सरकवा. दर हातभर अंतरावर तो वाकवून लहानसा फास करा. धड दोर सगळीकडे सारखाच गोल वळतो. एखाद्या जागी तो घडी पडल्यासारखा मोडला, चिमटीत चपटा किंवा मऊ लागला, तर वरचं वेष्टण साबूत दिसत असलं तरी आतला गाभा दुखावलेला आहे. वेष्टणावर थोडी लव आली असेल तर हरकत नाही, पण त्यातून गाभ्याचे पांढरे धागे डोकावत असतील तर तो भाग संपला.

खराबी बहुधा टोकाकडच्या दोन-तीन मीटरांत सापडते, कारण गाठ तिथेच बसते आणि पडण्याचे झटकेही तिथेच बसतात. तेवढा भाग कापून बाकीचा दोर वापरता येतो, मात्र इथे एक जीवघेणी चूक होते. ६० मीटरच्या दोराचे ३ मीटर कापले की ५७ उरतात आणि मध्याची जुनी खूण खऱ्या मध्यापासून दीड मीटर बाजूला पडते. आता ३० मीटरच्या रूटवरून साथीदाराला खाली सोडायला (दोर वर जाऊन परत खाली येतो, म्हणजे दुप्पट लागतो) हा दोर पुरणार नाही. जमिनीच्या वर असतानाच दोराचं टोक बिले डिव्हाइसमधून (खालच्या साथीदाराकडचं दोर अडवणारं साधन) निसटून जाईल. म्हणून नवी लांबी दोराच्या पिशवीवर ठळक लिहा, जुन्या खुणेवर विसंबू नका आणि मोकळ्या टोकाला प्रत्येक वेळी गाठ मारा.

मळलेला दोर ३० अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी राहिलेला दोर सरळ बाद करा, कारण आम्लाने नायलॉन कुजलं तरी बाहेरून काही दिसेलच असं नाही. एकदाही न वापरलेल्या दोरालाही उत्पादक साधारण १० वर्षांचीच मुदत देतात.

२. बाकीचं सामान

हार्नेसमध्ये दोर ओवायच्या दोन जागा आणि बिले लूप (बिले डिव्हाइस अडकवायचा फास) नीट पाहा. झीज तिथे आधी होते.

क्विकड्रॉ म्हणजे स्लिंगने (कापडी पट्टीने) जोडलेले दोन कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या). एक बोल्टमध्ये (कातळात पक्का बसवलेला धातूचा आधार) अडकतो, दुसऱ्यातून दोर जातो. या दोन बाजू कधीही अदलाबदल करू नका. बोल्टमध्ये अडकणाऱ्या कॅराबिनरवर बोल्टच्या धातूने बारीक चरे पडतात. तोच कॅराबिनर पुढे दोराच्या बाजूला आला तर पडताना ते चरे वेष्टण फाडतात. दोराच्या बाजूचा कॅराबिनरही झिजतोच. तिथे सुमारे १ मिलिमीटर खोल खाच पडली असेल किंवा नखाला धार लागत असेल तर तो काढून टाका. शेवटी कॅराबिनर जागेवर धरणारं रबर बाजूला सरकवून कॅराबिनर स्लिंगच्या फासातूनच गेला आहे ना, याची खात्री करा. जुळणी चुकलेला कॅराबिनर नुसत्या रबरावर लटकत असतो आणि वरून मात्र सगळं ठाकठीक दिसतं.

तडा गेलेलं हेल्मेट टाकून द्या.

३. बोटं आणि पाय

स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण कंडरांना आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या कड्यांना महिने लागतात. त्यामुळे जोर वाटतो तेवढी ताकद बोटांत नसते. नैसर्गिक कडा अरुंद आणि धारदार असतात, त्या पकडताना बोटं आपोआप क्रिम्पमध्ये (पेरं वाकवून घट्ट धरण्याच्या पकडीत) मुडपतात आणि सगळा ताण बोटाच्या मुळाशी येतो. आधीचे दोन आठवडे जिममध्ये मुद्दाम मोकळ्या बोटांच्या पकडीने चढा. पायांसाठी एकच नियम ठेवा : पाऊल आवाज न करता ठेवायचं आणि ठेवल्यावर हलवायचं नाही. कातळावर रंगीत होल्ड नसतात. पाऊल कुठे टेकवायचं ते खाली बघून शोधावं लागतं आणि जिमची सवय लागलेला माणूस नेमकं तेच विसरतो.

४. पहिला दिवस

वाळूच्या खडकावर पाऊस पडून गेला असेल तर जाऊ नका. ओला वालुकाश्म ठिसूळ होतो, होल्ड तुटतात आणि रूट कायमचा बिघडतो. वरचा थर कोरडा दिसला तरी आत ओल राहते, त्यामुळे एक ते तीन दिवस थांबावं लागतं.

नेहमीच्या ग्रेडपेक्षा दोन-तीन पायऱ्या सोप्या रूटवर सुरुवात करा, जमलं तर टॉप रोपवर (दोर आधीच वरून लावलेला असतो). संशय येईल तो होल्ड ओढण्याआधी बोटांच्या पेरांनी ठोका. पोकळ आवाज आला तर सोडा. बोल्ट हलत असेल किंवा नट हाताने फिरत असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. कंबर शेवटच्या बोल्टच्या २ मीटर वर असताना सुटलात तर पडणं निदान ४ मीटरचं होतं आणि त्यात दोराचा ढील आणि दोर ताणला जाण्याची लांबी आणखी मिळते. खाली एखादा कट्टा आहे का, हे चढण्यापूर्वीच बघून ठेवा.

प्रत्येक चढाईआधी दोघांनी एकमेकांना हात लावून तपासायचं : बकल, फिगर-ऑफ-एटची गाठ, बिले डिव्हाइस, कॅराबिनरचं लॉक, टोकाची गाठ. हे पहिल्या चढाईला सगळे करतात, पाचवीला टाळतात. गडबड नेमकी पाचवीला होते.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी

प्रत्येक बोटाचं मूळ तळव्याच्या बाजूने दाबून पाहा. एकाच जागी टोचल्यासारखं दुखलं तर आठवडाभर क्रिम्प बंद, आणि दुखणं पूर्ण थांबेपर्यंत कातळ नको. चढताना 'टक्' असा आवाज येऊन बोट सुजलं असेल तर त्याच क्षणी उतरा आणि डॉक्टरांना दाखवा.