पुढची देखभाल मागील कामाच्या खऱ्या तारखेपासून मोजावी

दर ९० दिवसांनी करायचे वंगणाचे काम २० दिवस उशिरा झाले, तरी ठरावीक तारखांना बांधलेले, यंत्रांची देखभाल आखणारे मालमत्ता-व्यवस्थापन सॉफ्टवेअर पुढचे काम ७० दिवसांतच काढते आणि मनुष्यबळ विनाकारण खर्च होते. यासाठी देखभाल योजनेत पुढील तारीख मागील काम पूर्ण झाल्याच्या दिवसापासून मोजण्याचा पर्याय निवडावा. सॅप या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये उशिरा पूर्ण झालेल्या कामाचा शिफ्ट फॅक्टर, म्हणजे झालेल्या उशिराचा किती भाग पुढच्या तारखेत धरायचा ते प्रमाण, १०० टक्के ठेवावा. वर्क ऑर्डर बंद करताना मात्र काम संपल्याची खरी तारीख भरावी, संगणकात नोंद केल्याची नव्हे. सगळी गणना याच रकान्यावर उभी असल्याने तंत्रज्ञांकडून तो आग्रहाने भरून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

बॉयलर, लिफ्ट यांसारख्या कायद्याने मुदत ठरलेल्या तपासण्यांना हा पर्याय लावू नये.