पुष्करच्या मेळ्यातील माणसांविषयी लिहायचे असेल तर
राजस्थानातील पुष्करचा मेळा कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा असा सांगितला जातो. परंतु ज्यांना तेथील माणसे पाहून त्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांनी एकादशीच्या चार-पाच दिवस आधीच पोहोचावे, कारण उंटांची खरेदी-विक्री मुख्यतः तेव्हा होते आणि पौर्णिमेच्या स्नानाची गर्दी उसळेपर्यंत बरेचसे पशुपालक तळ उठवून परतीच्या वाटेला लागलेले असतात. पुण्यावरून जाणाऱ्या म्हैसूर-अजमेर गाडीने अजमेरला उतरावे. तेथून पुष्कर जवळच आहे.

जाण्याआधी, शक्य झाल्यास, पौष पौर्णिमेला जेजुरीत भरणारा गाढवांचा बाजार अवश्य पाहावा. तेथे दुवान, चौवान, अखंड असे जनावराचे वय सांगणारे शब्द कानांवर पडतात आणि जनावराचे वय दातांवरून ठरते, वयावरून भाव ठरतो, हे डोळ्यांसमोर घडताना दिसते. एवढे समजले की पुष्करच्या वाळूत कोणी उंटाचा ओठ वर करून दात दाखवू लागला, तर बोलणे कशाविषयी चालले आहे हे भाषा न कळताही उमगते.

मी पहिली सकाळ छायाचित्रे काढण्यात घालवली आणि तिच्यातून लिहिण्याजोगे काहीच हाती लागले नाही. दुसऱ्या दिवशी, लाल पगडी बांधलेल्या, रायका या उंट पाळणाऱ्या समाजातील एका वृद्धांना ‘राम राम सा’ म्हणून त्यांच्या उंटिणीचे वय विचारले, तेव्हा त्यांनी घोंगडीवरचे सामान बाजूला सारून मला बसायला जागा करून दिली आणि तिच्या गळ्यातील कवड्यांचा गोरबंद हा दागिना बोटांनी उलटा करून मागची शिवण दाखवली. ती त्यांच्या सुनेच्या हातची होती. म्हणून सुरुवात जनावराच्या चौकशीने करावी. माणसाच्या पोशाखाविषयी लगेच विचारू नये आणि चहा पुढे आल्यास तो नाकारू नये.

बोलणे पुढे गेले की विक्रीविषयी जरूर विचारावे. उंट २०१४ मध्ये राजस्थानचा राज्यप्राणी झाला आणि २०१५ च्या कायद्याने त्याच्या कत्तलीवर बंदी व त्याला राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आले. हेतू संरक्षणाचा असला, तरी नर उंटांना गिऱ्हाईक उरले नाही, ही तक्रार पशुपालकांकडून ऐकायला मिळते. ती त्यांच्याच शब्दांत टिपावी. मेळ्याच्या रंगांविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण या माणसांची खरी काळजी या तक्रारीत आहे, असे मला वाटते.

छायाचित्र विचारूनच काढावे. काही जण त्यासाठी नटून येतात व मोबदला मागतात, तेव्हा रक्कम आधी ठरवावी. छायाचित्र पाठवण्याचा शब्द दिला असेल, तर गाव, तहसील आणि जिल्हा तिथेच वहीत लिहून घ्यावा, आणि पशुपालक कळपाबरोबर महिनोन्महिने बाहेर असतात म्हणून घरी राहणाऱ्या एखाद्या माणसाचे नावही विचारून ठेवावे. पुण्यात परतल्यावर प्रत छापून पहिल्या आठवड्यातच टपालात टाकावी.