भिंतीवरचा आरसा घेताना या चुका टाळा: भिंत मोजली, माणसं मोजायची राहिली

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या वहिनीने बेडरूमसाठी आरसा आणला. रुंदी दोन फूट, उंची अडीच फूट. सुताराने तो नेहमीच्या सवयीने छातीच्या उंचीवर लावला. पाडव्याला ती साडी नेसून समोर उभी राहिली, तर निऱ्या दिसेनात. मागे सरकत सरकत ती पलंगाला टेकली, तरी आरशात गुडघ्याच्या वरपर्यंतचीच साडी दिसत होती. सगळ्यांनी निदान केलं की आरसा लहान पडला. खरं तर तो लहान नव्हता, चुकीच्या उंचीवर लागला होता.

मागे सरकलं की जास्त दिसतं, हा आरशाबद्दलचा सर्वात मोठा गैरसमज आहे. मागे गेल्यावर खोली जास्त दिसते, पण स्वतःचं अंग तेवढंच दिसतं. सरळ उभ्या भिंतीवरच्या सपाट आरशात पूर्ण दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, मग तुम्ही दोन फुटांवर असा की आठ. अट एकच: खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर हवी आणि वरची कड डोळे व माथा यांच्या मधोमध.

वहिनीची उंची 5 फूट 2 इंच, म्हणजे 62 इंच. डोळे माथ्यापेक्षा साधारण चार इंच खाली धरा, म्हणजे 58 इंचांवर. म्हणून आरशाची खालची कड 29 इंचांवर हवी होती, ती होती 42 वर. तोच आरसा 13 इंच खाली घेतला तेव्हा पाऊल दिसू लागलं, फक्त माथ्याचे दोन इंच कापले जातात. भिंतीतली दोन भोकं बुजवावी लागली, एवढाच खर्च.

घरातल्या सगळ्यांसाठी एकच आरसा असेल तर माप दोन माणसांवरून काढा. वरची कड सर्वात उंच माणसावरून, खालची सर्वात बुटक्या माणसावरून. मुलगा 5 फूट 10 इंच असेल तर वरची कड 68 इंचांवर. आजी 4 फूट 10 इंच असेल तर खालची 27 इंचांवर. मधलं अंतर 41 इंच, म्हणजे साडेतीन फुटांचा आरसा सगळ्यांना पुरतो. बहुतेक घरांत आरसा दाढी करणाऱ्याच्या उंचीने लागतो आणि आजी टाचा उंचावून टिकली लावते. मला ही गोष्ट मनापासून खटकते. आजीला आधी आरशासमोर उभं करा आणि मगच भिंतीवर पेन्सिलची खूण करा.

हॉलमधला आरसा बघण्यापेक्षा उजेड आणि जागा वाढवण्यासाठी असतो, त्यामुळे तिथलं गणित वेगळं. सोफ्यावर लावायचा तर रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश धरा. सहा फुटांच्या सोफ्यावर चार फूट शोभतो, दीड फुटाचा आरसा मात्र तिथे चुकून राहिल्यासारखा दिसतो. सोफ्याची पाठ आणि आरसा यांच्यात सहा ते आठ इंच सोडा, नाहीतर मागे टेकणाऱ्याचं डोकं आपटतं. ऑर्डर देण्याआधी रद्दीचे पेपर जोडून त्याच मापाचा तुकडा भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. मग त्या जागी कुणालातरी हातआरसा धरायला लावा आणि तुम्ही रोज बसता तिथून बघा. समोर खिडकी असेल तर उत्तम. संडासाचं दार किंवा भांड्यांनी भरलेलं सिंक असेल तर मोठ्या आरशात तेही तितकंच मोठं दिसणार. पश्चिमेची खिडकी असेल तर उन्हाळ्यातली दुपारची तिरीप डोळ्यांवर येते का, हेही पाहून घ्या.

गोल आरशात बरेच जण फसतात. दोन फूट व्यासाच्या गोलात दोन फुटी चौकोनापेक्षा सुमारे 21 टक्के काच कमी असते, शिवाय कापले जातात ते कोपरेच. चौकोनाइतकं दिसावं असं वाटत असेल तर एक माप मोठं घ्या. तसंच दुकानात सांगितलेलं माप काचेचं की फ्रेमसकट, हे विचारा. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांची पट्टी असेल तर 24 इंचांच्या आरशात काच 20 इंचच उरते.

वजन तर कुणी विचारतच नाही. पाच मिलिमीटर जाडीचा चार बाय दोन फुटांचा आरसा फ्रेमशिवाय नऊ किलोंच्या वर जातो. दोन खिळ्यांवर तो टांगू नका, ड्रिल करून भिंतीला योग्य असा प्लग (भोकात बसणारी प्लास्टिकची नळी) आणि स्क्रू बसवा. हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर त्यासाठीचाच प्लग मागा. मोठा आरसा लिफ्टमध्ये आणि जिन्याच्या वळणावर मावतो का, हे पैसे देण्याआधी मोजा.

बेसिनवरचा आरसा बेसिनपेक्षा रुंद नको आणि नळाच्या शिंतोड्यांपासून वर हवा. कडांना काळे डाग पडतात ते बहुधा ओल पाठीमागच्या थरात शिरल्यामुळे. आरसा चिकटवायला वापरतात त्यातलं आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही तो थर खातं. काचवाल्याकडे तसा आंबट वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन मागा आणि मागे हवा खेळेल एवढी फट ठेवा.

आणि मोठा आरसा आणून झालाच असेल तर? साधी काच असेल तर काचवाला कापून देतो. मात्र कापलेल्या बाजूचं बेव्हलिंग (तिरकी घासलेली कड) निघून जातं आणि पॉलिश पुन्हा करावं लागतं. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच कापता येत नाही, ती फुटून चुरा होते. तसा आरसा दुसऱ्या खोलीत हलवा किंवा दुकानदाराशी बोलून बदलून घ्या.