शिरोरेषेपासून सुरुवात: लेझरवर कापलेली दारावरची मराठी पाटी

माझे बाबा कराडला पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या ओळी, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं हातानं. कुठलंही नाव लिहायच्या आधी ते खडूत घोळलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायचे आणि मधून ओढून सोडायचे. भिंतीवर पांढरी सरळ रेघ उमटायची. ती शिरोरेषा. "आधी दांडी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे," असं ते म्हणायचे.

गेली चार वर्षं मी पुण्यात एका सामुदायिक वर्कशॉपमध्ये रविवारी जाते. तिथे मशीन सगळ्यांची असते, शिकवणारेही आपल्यातलेच असतात. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनची सामुदायिक कार्यशाळा, आहे आणि जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये ती मोजली जाते. आणखी एक गोष्ट मी नव्या माणसाला आवर्जून सांगते. आपण वापरतो तो कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची.

पहिलं काम म्हणून मी सगळ्यांना दारावरची पाटी करायला लावते. इंटरनेटवर लेझरचे धडे पुष्कळ आहेत, पण ते रोमन अक्षरांसाठी लिहिलेले. रोमन अक्षरं सुटी असतात, देवनागरीची शिरोरेषेला लटकलेली असतात. त्यामुळे आपल्या अडचणी वेगळ्या आणि आपल्या सोयीही वेगळ्या. शब्द नीट आखला तर अख्खं नाव एका सलग तुकड्यात कापून निघतं.

आधी माल. पहिल्या पाटीसाठी 3 मिमी एमडीएफ घ्या, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा गोंदात दाबून केलेला बोर्ड. स्वस्त असतो, एकसारखा असतो, कापतो छान. वॉटरप्रूफ प्लाय घेऊ नका, त्यातल्या गोंदामुळे लेझर अडतो आणि कडा कोळशासारख्या काळ्या होतात. अ‍ॅक्रिलिक चालतं. त्यातलं कास्ट अ‍ॅक्रिलिक कोरकामाला चांगलं, कारण कोरलेला भाग दुधी पांढरा दिसतो.

सनबोर्ड मात्र मशीनजवळही आणायचा नाही. स्टेशनरीच्या दुकानात तो सहज मिळतो, हलका असतो, म्हणून दर महिन्याला कोणीतरी तो घेऊन येतंच. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम. फ्लेक्स आणि रेक्झिनमध्येही पीव्हीसीच असतं. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो छातीत जातो आणि मशीनच्या आरशांना, रेल्सना गंज चढवतो. एखादं प्लास्टिक कसलं आहे ते कळत नसेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, त्या प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे असं समजा. ही तपासणी मोकळ्या हवेत करा आणि शंका राहिली तर तो तुकडा घरी परत न्या.

आता अक्षरं. फॉन्ट निवडताना पाकळीचा ल आणि देठाचा श पाहून घ्या. 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी ही वळणं ठरवून दिली आहेत, पण संगणकातले बरेच फॉन्ट आपणहून हिंदी वळण देतात. मला दारावर हिंदी वळणाचा ल बघवत नाही. यशोमुद्रा आणि त्यावरून आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हे दोन्ही फुकट मिळतात आणि त्यांचं वळण आपलं आहे. मात्र त्यांच्या बारीक रेघा पाटीसाठी जाड कराव्या लागतात. जाड आणि गोलसर अक्षर हवं असेल तर ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू’ फॉन्ट घ्या, पहिल्या कामाला तो सोपा पडतो. 3 मिमी एमडीएफमध्ये कुठलीही रेघ 4 मिमीपेक्षा बारीक ठेवू नका. शिरोरेषा मी 7 मिमी ठेवते, कारण सगळा भार तिच्यावर असतो.

इंकस्केप या चित्रं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप करा, आकार ठरवा आणि पाथ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा. यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते. पडद्यावर ती सलग दिसते, पण मशीनला प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते आणि ती शिरोरेषा जागोजागी आडवी कापत जाते. माझी पहिली पाटी अशीच गेली. नाव होतं ‘सुमती’. झाकण उघडलं तेव्हा सु, म, ती असे तीन तुकडे पडलेले होते. पूर्ण शीट वाया गेली आणि ती पाटी मी आईच्या वाढदिवसासाठी करत होते. तेव्हापासून मी कोणालाही ही पायरी ओलांडू देत नाही: ग्रुप सोडवा, सगळं निवडा, पाथ मेनूतून ‘यूनियन’ करा. मग आउटलाइन दृश्यात जाऊन शिरोरेषेवर नजर फिरवा. तिच्यावर एकही आडवी रेघ दिसता कामा नये.

यूनियन झाल्यावरही काही नावं तुटतात, कारण लिपीच तशी आहे. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर शिरोरेषा पूर्ण नसते. ‘माधव’ कापलं तर ‘मा’ वेगळा आणि ‘धव’ वेगळा निघतो. ‘अभय’चंही तसंच. यावर दोन उपाय आहेत. अक्षरांखालून एक आडवी पट्टी द्यायची आणि सगळ्यांचे पाय तिच्यावर टेकवायचे, किंवा ध ची डावी बाजू आधीच्या कान्याला किंचित भिडवायची. मला दुसरा आवडतो, पण भिडवताना ध चा घ दिसणार नाही याची काळजी घ्या. घ ची शिरोरेषा पूर्ण असते, म्हणून डोक्यावरची फट मोकळीच ठेवा आणि जोड खाली, पोटाजवळ द्या.

मग येतात लोंबती अक्षरं. ग, ण आणि श यांचा उभा दंड बाकीच्या अक्षराला कुठेच चिकटलेला नसतो, फक्त वरून शिरोरेषेला लटकतो. योगायोग असा की ‘गणेश’ या नावात ही तिन्ही अक्षरं आहेत आणि पाट्यांमध्ये हे नाव हमखास येतं. पाटी पाठीमागच्या फळीवर चिकटवणार असाल तर अडचण नाही. नुसतं नाव भिंतीवर लावायचं असेल तर दंड जाड करा किंवा खालची पट्टी द्या. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना मान असते, म्हणजे शिरोरेषेतून एक आखूड रेघ उतरते आणि अक्षराचं सगळं वजन तिच्यावर पडतं. तिथे नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, ओढून मान रुंद करा. ‘देशपांडे’ कापणाऱ्याला यातलं जवळजवळ सगळं एकाच नावात भेटतं.

उरला अनुस्वार. तो सुटाच पडणार आणि बारीक असेल तर मशीनच्या जाळीतून खाली जाणार. त्याला शिरोरेषेशी जोडणारा देठ दिला तर तो मात्रेसारखा दिसतो, मला ते पटत नाही. मी शीटच्या खालच्या बाजूला मास्किंग टेप लावते. टिंब कापलं जातं, पण टेपला धरून राहतं. वरच्या बाजूलाही टेप लावली तर धुराचे पिवळे डाग अक्षरांवर बसत नाहीत.

फाइल तयार झाली की आधी कागदपत्रं ठेवायच्या फाइलच्या पातळ पुठ्ठ्यावर कापून बघा. दोन मिनिटांचं काम, पण कुठला तुकडा सुटतो ते हातात कळतं. खरा एमडीएफ ठेवल्यावर फोकसचा ठोकळा लावून लेन्सची उंची जुळवा, हवेचा पंप आणि एक्झॉस्ट चालू आहे ना ते पाहा. आमच्या 60 वॉटच्या मशीनवर 3 मिमी एमडीएफ साधारण 65 टक्के पॉवर आणि सेकंदाला 15 मिमी वेगानं कापतो. तुमच्या मशीनचे आकडे वेगळे असतील, म्हणून शीटच्या कोपऱ्यात 10 मिमीचा एक चौकोन कापून पाहा. तो आपोआप खाली पडला तर पुढे जा. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरतो आणि वाकतो, मग शीटच्या मध्यावर फोकस सुटतो. तेव्हा कडांना वजनं ठेवून ती सपाट करावी लागते. वजनं लेझरच्या फिरत्या डोक्याच्या वाटेत येणार नाहीत हे आधी एक फेरी मारून बघा.

क्रम असा ठेवा: कोरकाम आधी, मग अक्षरांच्या पोटातली भोकं, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा हलतो आणि आतली भोकं सरकतात.

मशीन चालू असताना तिथून हलायचं नाही. फोन आला तरी नाही, कोणी चहाला बोलावलं तरी नाही. लाकडावर छोटी ज्योत उठते आणि विझते, ते चालतं. ज्योत टिकून राहिली की काम थांबवा. मी स्टूल घेऊन काचेसमोर बसते आणि शेजारी अग्निशामक असतो. शाळेतली मुलं येतात तेव्हा आळीपाळीनं एकेकाला ‘राखणदार’ करते. ती हे काम मोठ्या माणसांपेक्षा मनापासून करतात.

कापून झाल्यावर धूर निघून जाण्यासाठी एक-दोन मिनिटं झाकण तसंच ठेवा. नाव उचलून घ्या, पण उरलेली शीट टाकू नका. नावाच्या आकाराची भोकं असलेली ती शीट हाच चिकटवण्याचा साचा. ती पाठीमागच्या फळीवर ठेवा, कडा जुळवा, फेव्हिकॉल लावलेलं नाव आणि सुटी टिंबं तिच्या भोकांत बसवा. अनुस्वार नेमका त्याच्या जागी जातो. पाच मिनिटांनी, गोंद पूर्ण धरायच्या आत, शीट अलगद उचला. रंग त्याआधीच द्या, कारण चिकटवल्यावर अक्षरांच्या कडा नीट रंगत नाहीत. दार उघड्यावर असेल तर कडांना सँडिंग सीलरचे दोन हात हवेतच. एमडीएफ कडेतूनच पाणी पितो.

पाटी जमली की लोक रांगोळीचा छाप मागतात. तिथे सगळं उलटं होतं, कारण आता अक्षर भोकाचं असतं. प, म, ष, व यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. बाबा जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर स्टेन्सिल कापायचे तेव्हा प्रत्येक पोटाला दोन बारीक पूल ठेवायचे आणि रंगवून झाल्यावर ती फट ब्रशनं भरून टाकायचे. रांगोळीत फट भरता येत नाही. त्यासाठी बाजारातल्या रांगोळीच्या छापांनी फार पूर्वीच उत्तर काढलं आहे: रेघ कापायचीच नाही, ठिपके पाडायचे. 2 मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये अडीच मिलिमीटरची भोकं एकमेकांपासून 5 मिमीवर घ्या. पोटातला तुकडा जागेवर राहतो आणि ‘शुभ दीपावली’ ठिपक्यांनी उमटते. रांगोळी चाळून घ्या, नाहीतर भोकं बुजतात.

आकाशकंदिलाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे अक्षरांचा प्रश्न नाही, तुकडे एकमेकांत अडकवायच्या खाचांचा आहे. लेझर स्वतः थोडा माल जाळतो, आमच्या मशीनवर सुमारे 0.2 मिमी. तुमचा आकडा काढायला 20 मिमीचे दहा चौकोन कापा, ओळीनं चिकटून ठेवा, व्हर्नियरनं लांबी मोजा. 200 मधून ती वजा करून दहानं भागा. दुकानदार 3 मिमी म्हणतो ती शीटही मोजा. ती 2.8 भरली तर खाच 2.6 ची काढा, कापल्यावर ती 2.8 ची होते आणि गोंदाशिवाय घट्ट बसते. आतून पतंगाचा कागद लावा आणि दिवा एलईडीचाच घ्या.

पाटी दारावर लावायला निघालात की आणखी एक काम. फळीची कड आणि शिरोरेषा नेहमी समांतर बसलेल्या नसतात. म्हणून लेव्हल फळीच्या कडेवर न ठेवता शिरोरेषेवर ठेवा, बुडबुडा मधोमध आला की स्क्रूच्या खुणा करा.