ग्राउंडचा नॉइज मोजण्याआधी प्रोबचा नॉइज मोजा

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला लागून मला दोनच महिने झाले होते. बोर्ड दाब मोजणारा होता. सेन्सरकडून ४ ते २० मिलिॲम्पिअरचा सिग्नल, त्यावर १५० ओहमचा रेझिस्टर, व्होल्टेजचे आकडे करणारा १२ बिटांचा एडीसी आणि अगदी खेटून वेगाने चालू-बंद होत २४ व्होल्टचे ३.३ करणारा बक रेग्युलेटर. दाब स्थिर असूनही रीडिंग १५-१६ काउंट (एडीसीच्या आकड्यातल्या सगळ्यात लहान पायऱ्या) नाचायचं. मी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या स्कोपच्या, प्रोबची (मोजायच्या वायरीची) काळी क्लिप कोपऱ्यातल्या स्क्रूला लावली, टोक एडीसीच्या ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टच्या, पिनवर टेकवलं. स्कोपवर १८० मिलिव्होल्टचे काटे, म्हणजे नॉइजच्या टोकदार उसळ्या! 'ग्राउंड खराब' असा रिपोर्ट दिला. त्यावरून डिझाइनवाल्यांनी ग्राउंडचे दोन तुकडे केले, ॲनालॉग वेगळं, डिजिटल वेगळं. नवे बोर्ड आले, तर रीडिंग आणखीच नाचायला लागलं.

आमच्याकडे टेस्टिंगचे एक जुने काका होते. त्यांनी प्रोबचं टोक त्याच प्रोबच्या क्लिपला लावलं आणि ती जोडी एडीसीच्या ग्राउंड पिनवर धरली. आता मोजायला काही उरलंच नव्हतं, शून्य दिसायला हवं होतं. दिसले १४० मिलिव्होल्ट.

"अगं, हे बोर्डाचं नाही, तुझ्या वायरीचं आहे."

क्लिपची वायर १५ सेंटिमीटरची. ढोबळ हिशेबाने मिलिमीटरला एक नॅनोहेन्री धरलं तर १५० नॅनोहेन्री. प्रोबचे १० पिकोफॅरड त्याला जोडा, की १३० मेगाहर्ट्झच्या आसपास ती वायर स्वतःच घंटेसारखी वाजते. शिवाय रेग्युलेटरच्या कॉइलशेजारी तिचा लूप ॲंटेनाचंही काम करतो. खरं तर एडीसी मला आधीच सांगत होता. ३.३ व्होल्ट भागिले ४०९६ म्हणजे काउंटला ०.८ मिलिव्होल्ट. १८० मिलिव्होल्ट खरे असते, तर रीडिंग दोनशेच्या वर काउंट उडालं असतं. थोडं फिल्टर खातो, पण एवढं नाही.

प्रोबची टोपी आणि क्लिप काढून त्या लांब वायरीऐवजी ग्राउंडला टेकणारी डबीतली बारकी स्प्रिंग बसवली. तीच शून्याची तपासणी ६ मिलिव्होल्टवर आली. ती स्प्रिंग जपून ठेवा, बहुतेक लॅबमध्ये पहिली तीच हरवते.

मग काकांनी विचारलं, "नॉइज कुठून कुठपर्यंत मोजतेयस?" ग्राउंडचा नॉइज नेहमी दोन ठिकाणांमधला असतो, हे कॉलेजात मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोन ठिकाणं पक्की केली: एडीसीची ग्राउंड पिन आणि रेग्युलेटरच्या इनपुट कॅपॅसिटरचं ग्राउंड. बारीक को-ॲक्सिअल केबलची मधली तार एकीकडे, जाळी दुसरीकडे सोल्डर केली, केबलचे चार वेढे फेराइटच्या (केबलवरचा नॉइज अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून घेतले आणि स्कोपचं इनपुट ५० ओहमवर ठेवलं. ग्राउंडचा स्वतःचा रोध इतका कमी असतो, की ५० ओहमचा भार त्याला जाणवतही नाही. १० पटीच्या प्रोबमध्ये सिग्नल दहापट घटतो आणि स्कोपचा स्वतःचा नॉइज दहापट मोठा दिसतो, ती अडचणही इथे नाही.

स्कोपचं ग्राउंड भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेलं असतं. लॅपटॉपची यूएसबी आणि पॉवर सप्लाय यांतून तिथे आणखी एक लूप तयार होतो. त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. देणारा कितीही अनुभवी असो, ऐकू नका. स्कोपच्या बॉडीत करंट उतरू शकतो. आम्ही यूएसबी काढली आणि बोर्ड १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालवला.

खरा आकडा आला १४ मिलिव्होल्ट. रीडिंगच्या नाचण्याशी जुळणारा.

दोषी शोधायला दुसऱ्या चॅनेलवर रेग्युलेटरचा स्विचिंग नोड (जिथलं व्होल्टेज सतत चालू-बंद होतं ती जागा) घेऊन त्यावर ट्रिगर लावला, म्हणजे स्कोपचा आलेख त्याच्या तालावर सुरू केला. काटे पडद्यावर जागच्या जागी उभे राहिले. एसपीआयच्या, म्हणजे चिपांमधल्या डेटाच्या तारांच्या, क्लॉकवर ट्रिगर लावला, तर ते धावत होते. म्हणजे रेग्युलेटरच. त्याच्या इनपुट कॅपॅसिटरचा परतीचा करंट एडीसीखालून जात होता. आणि आमच्या दोन तुकड्यांमुळे फट ओलांडणाऱ्या सगळ्या सिग्नलचा परतीचा करंटही लांबून वळसा घालत होता.

पुढच्या बोर्डात ग्राउंड एकसंध केलं, तो कॅपॅसिटर रेग्युलेटरच्या पिनांना चिकटवला. रीडिंग ३ काउंटवर स्थिरावलं. तेव्हापासून माझ्या रिपोर्टमध्ये नॉइजच्या आकड्याशेजारी तीन नोंदी असतात: कुठली दोन ठिकाणं, त्याहून वेगवान सिग्नल गाळणारी स्कोपची २० मेगाहर्ट्झची मर्यादा चालू की बंद, आणि टोक-क्लिप जोडून आलेलं शून्य किती.