छातीत दुखू नये म्हणून रोजची नायट्रेटची गोळी घेताना

आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची दिवसातून एकदा घ्यायची स्लो रिलीज (औषध हळूहळू सोडणारी) गोळी असेल तर सकाळी उठल्यावर घ्यायची, चावायची किंवा कुटायची अजिबात नाही. साधी गोळी दोनदा असेल तर बऱ्याचदा सकाळी ८ आणि दुपारी ३ अशी देतात, आणि लोक इथेच चुकतात, १२-१२ तासांनी घेतात, पण रात्रीचा गॅप मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर शरीराला सवय होऊन औषध लागू पडेनासं होतं.

सुरुवातीला डोकं दुखतं, चक्कर येते, म्हणून हळू उठा. मनाने गोळी बंद करू नका. व्हायग्रासारखी गोळी यासोबत कधीच नको, बीपी धाडकन पडतं, जिवावर बेतू शकतं, लाजू नका, डॉक्टरांना सांगाच. छातीत दुखायला लागलंच तर ही नाही, जिभेखालची गोळी, तीही बसून, आणि ५ मिनिटांत थांबलं नाही तर लगेच १०८.