ऐरोलीचा उन्हाळा आणि टॉर्च प्रवाळ

मे महिन्यात ऐरोलीतील आमच्या रीफ टाकीचे (जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचे) पाणी 30 अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि टॉर्च व हॅमर या प्रकारांच्या प्रवाळांची शुंडके (बोटांसारखे मऊ अवयव) आक्रसली. पृष्ठभागावर पंखा लावला; परंतु पंख्याचा गारवा बाष्पीभवनातून येतो आणि खाडीकाठच्या दमट हवेत तेच मंदावते, त्यामुळे फरक नाममात्र पडला. अखेर चिलर, म्हणजे टाकीचे पाणी नळ्यांतून घेऊन थंड करणारे यंत्र, आणला. टाकीखालच्या बंद कपाटात तो स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढतो, म्हणून नळ्या लांबवून तो बाल्कनीत सावलीला बसवला (कपडे वाळवण्याची जागा गेली, हे वेगळे) आणि तापमान रोज थोडे उतरवत 26 अंशांवर आणले. शुंडके फुलली. तरीही एका टॉर्चच्या सांगाड्याच्या कडेचे मांस सुटत होते, ते वेव्हमेकरचा (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचा) थेट झोत काचेकडे वळवल्यावर थांबले.